मीठ कुठे ठेवू

गावाचं नाव सूर.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
गाणं शिकायला चाललीस का, या वयात?
नाही गं. ओमानात आहे. पाण्याच्या कारखान्यात.
ती थोडी थांबली.
पाणी काय कारखान्यात होतं?

इथं होतं.
समुद्र नळीतून आत येतो,
पडद्यांतून पिळून निघतो
आणि माझ्या टेबलावर काचेच्या भांड्यात
उभा राहतो गोडा, मुका,
शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.
मी कांडी बुडवते, आकडा लिहिते, सही करते.
माझ्या बिल्ल्यावर कुणीतरी
इंदुमतीचं इंदु मोती करून टाकलंय.
दोन वर्षं झाली. राहू दिलंय.

खरं म्हणजे मला इथं अळणीनं आणलं.

अळणी पुस्तकातली.
पुस्तक तरी कसलं, आटपाडीच्या बाजारात
शेंगवाला पुड्या बांधायला फाडत होता,
त्याच्या हातातून ओढलेलं.
पुठ्ठा नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही,
पान सातपासून सुरू.
तिला अळणी का म्हणत, ते सहाव्या पानावर असणार.
सहाव्या पानात कुणीतरी शेंगा खाल्ल्या.

तिच्या गावची नदी समुद्राला गेली ती परत आलीच नाही.
सगळे म्हणाले, नदीच ती, जायचीच.
अळणी कळशी घेऊन निघाली
नदी परत मागायला,
शेजारणीकडून उसनं पीठ मागावं तशी.

मी ते टँकरच्या रांगेत वाचायचे.
रांगेत घागरी उभ्या, बायका सावलीला.
एकदा वाचता वाचता घागर पुढे सरकवायची राहिली
आणि आमचा नंबर गेला.
त्या रात्री मार खाल्ला आणि तहान धरून झोपले,
पण अळणी तोवर डोंगर उतरली होती.
तिची कळशी डाव्या कमरेला, चित्रात तशी होती,
म्हणून माझीही डाव्या.
अजून बॅग त्याच बाजूला लागते.
इथला डॉक्टर म्हणतो, खांदा उतरलाय तुमचा.

नववीत स्थळ आलं
तेव्हा अळणीनं काय केलं असतं
असं काही मी मनात विचारलं नाही.
पायच दाराकडे वळले.

शेवटी ती पोचते.
समुद्र म्हणतो, ने तुझं पाणी, मी कुठं नाही म्हणतोय.
पण त्यातलं मीठ मी कुठे ठेवू
तेवढं सांगून जा.
अळणीनं कळशी खाली ठेवली आणि

इथं पान संपतं.
पुढचा फर्माच नाही.

तेरा वर्षांची असताना माझा समुद्र शरमून गप्प बसायचा.
बीएस्सीला अळणी मीठ तोलून घ्यायची, दर ठरवायची.
लग्न मोडलं त्या वर्षी
ती सगळं मीठ एकटीनं खाऊन टाकायची,
मूठमूठ, कुणाला न सांगता.

परवा रात्रपाळीला शम्सा होती.
तिचे वडील गलबतं बांधायचे, आता दुरुस्त करतात.
मोडक्या हिंदीत तिला गोष्ट सांगितली.
फिर? म्हणाली.
मी खिडकीतून दाखवलं:
लांब, अंधारात, आपला दुसरा पाइप
सगळं मीठ परत समुद्रात सोडतो,
आधीपेक्षा दाट करून.
म्हणजे बिचाऱ्याला काही उत्तर मिळालंच नाही, शम्सा म्हणाली.
मग चहा ओतताना:
माझ्या आजीच्या गोष्टीतली मुलगी काही मागायला जात नाही.
किनाऱ्यावर बसून नुसती भांडते समुद्राशी,
बाप परत येईपर्यंत.
आला का बाप?
आजी तेवढ्यात झोपायची, ती म्हणाली.
आम्ही दोघी हसलो. यंत्रं घरघरत होती.

पहाटे आईचा फोन. टँकर आला नाही.
बोअरला पाणी आहे, पण खारं आहे, ती म्हणाली,
डाळ शिजत नाही.
मी पुढे बोलले नाही काही.

आकडा लिहिला. सही केली.
तपासलेलं पाणी ओतून द्यायचा नियम आहे.
मी पिऊन टाकलं.
अळणी लागलं.